गुंगी उतरली हे कुणी सांगायचं?

दातांच्या दवाखान्यात नायट्रस ऑक्साइडची गुंगी देऊन काम करणाऱ्याला रोज एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं: हा माणूस आता घरी जाऊ शकतो का? दाढ निघालेली असते, नाकावरचा मास्क उतरलेला असतो, पेशंट डोळे उघडे ठेवून नीट बोलत असतो. 'कसं वाटतंय?' म्हटलं की 'एकदम ठीक' असं उत्तर येतं, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण बहुतेक वेळा खरं ठरणाऱ्या उत्तरावर विसंबून कुणाला जिना उतरायला, रस्ता ओलांडायला किंवा स्कूटर चालवायला पाठवणं मला पटत नाही. हे काम करता करता माझं एक मत पक्कं झालं आहे. गुंगी उतरल्याची साक्ष पेशंटच्या तोंडून घेऊ नये, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडूनही घेऊ नये. ती त्याच्या हाताकडून, पावलांकडून आणि लक्षाकडून घ्यावी. त्यासाठी एक कागद, एक पेन्सिल आणि दोनेक मिनिटं पुरतात. गडबडीच्या ओपीडीत एवढीशी गोष्ट सहज राहून जाते, म्हणून ती का करावी हे सविस्तर मांडावंसं वाटतं.

आधी हा वायू काय करतो ते पाहू. शस्त्रक्रियेसाठी देतात ती पूर्ण भूल आणि दातांच्या खुर्चीत देतात ती गुंगी यांत मोठं अंतर आहे. भूल देणारा वायू म्हणून नायट्रस तसा दुबळाच. एकट्याच्या जोरावर पूर्ण भूल द्यायची तर त्याचं प्रमाण शंभर टक्क्यांच्याही वर न्यावं लागेल, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाला ते जमणारच नाही. हा दुबळेपणाच गुंगीसाठी सोयीचा ठरतो. आधी नुसता ऑक्सिजन, मग थोडा थोडा नायट्रस वाढवत, पेशंटच्या चेहऱ्याकडे आणि यंत्राच्या फुगणाऱ्या-बसणाऱ्या पिशवीकडे बघत आपण साधारण ३० ते ५० टक्क्यांपर्यंत जातो. ऑक्सिजन ३० टक्क्यांच्या खाली जाणार नाही अशी सोय यंत्रातच असते. पेशंट जागा असतो, 'तोंड उघडा' म्हटलं की उघडतो. भीती मात्र ओसरलेली असते, अंग हलकं झालेलं असतं, बोटांना मुंग्या आलेल्या असतात. मेंदूतल्या एनएमडीए नावाच्या ग्राहींचं काम हा वायू अडवतो, आणि नवी गोष्ट लक्षात ठेवण्यात या ग्राहींचा मोठा वाटा असतो. त्यामुळे प्रतिसाद मंदावतो, एकाच वेळी दोन गोष्टींवर लक्ष ठेवणं जड जातं, नुकतंच ऐकलेलं मनात टिकत नाही, बोटांची नेमकी हालचाल ढिली पडते. साधं बोलणं मात्र बरंचसं शाबूत राहतं. घोटाळा होतो तो इथेच. समोरच्या माणसाला आपण जोखतो ते त्याच्या बोलण्यावरून, आणि या वायूच्या अमलात कमी बिघडणाऱ्या गोष्टींपैकी बोलणं ही एक आहे.

या वायूच्या इतिहासात याचा एक ढळढळीत पुरावा आहे. १० डिसेंबर १८४४ रोजी अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावी गार्डनर कोल्टन यांनी 'हसवणाऱ्या वायू'चा जाहीर खेळ केला. सॅम्युअल कूली नावाच्या तरुणाने वायू ओढला, तो सभागृहात धावत सुटला, बाकांवर आपटला आणि परत येऊन जागेवर बसला. पाय चांगलेच खरचटले होते, रक्त येत होतं, पण त्याला पत्ताच नव्हता. शेजारी बसलेले दंतवैद्य होरेस वेल्स यांच्या ते लक्षात आलं, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी हा वायू घेऊन स्वतःची दाढ काढून घेतली. दंतवैद्यकाने या प्रसंगातून वेदनामुक्तीचा धडा घेतला, आणि तो योग्यच होता. पण त्याच प्रसंगात दुसराही एक धडा आहे. उभा राहू शकणारा, चालू शकणारा, प्रश्नाला उत्तर देऊ शकणारा माणूस स्वतःच्या शरीराची खरी स्थिती सांगायला असमर्थ असू शकतो. कूलीने ओढलेला वायू आजच्यासारखा मोजून-मापून दिलेला नव्हता, आणि तो तेव्हा अमलाखाली होता, अंमल उतरत असताना नव्हे, हे मान्य. तरीही तत्त्व तेच राहतं. 'मी ठीक आहे का?' या प्रश्नाचं उत्तर ज्या मेंदूने द्यायचं, त्याच्यावरच वायूचा अंमल असतो. तो किती उतरला हे त्या मेंदूलाच विचारणं म्हणजे पक्षकारालाच न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवणं.

यावर पहिला आक्षेप शरीरशास्त्राचा आहे आणि तो वजनदार आहे. नायट्रस शरीरात रेंगाळतच नाही, मग तपासायचं काय? या वायूची रक्तातली विद्राव्यता फार कमी, म्हणजे ०.४७ इतकी आहे. तो रक्तात फारसा मुरत नाही, यकृतात त्याचं विघटन होत नाही; जवळजवळ सगळाच्या सगळा आला तसा श्वासावाटे निघून जातो. मेंदूपुरतं बोलायचं तर याच वायूने मेंदूचा रक्तपुरवठा मोजला गेला आहे. १९४०च्या दशकात सेमूर केटी आणि कार्ल श्मिट यांनी माणसांना अगदी कमी प्रमाणात नायट्रस हुंगायला दिला आणि तो रक्तातून मेंदूत किती वेगाने शिरतो यावरून हिशेब मांडला. मेंदूच्या दर १०० ग्रॅमला मिनिटाला सुमारे ५४ मिलिलिटर रक्त मिळतं असं उत्तर निघालं, आणि रक्त व मेंदू यांच्यातलं वायूचं प्रमाण दहाएक मिनिटांत समसमान होतं असं दिसलं. जो वायू दहा मिनिटांत आत शिरून स्थिरावतो, तो बाहेर पडायलाही फार वेळ घेणार नाही. निरोगी माणसांवर केलेल्या चाचण्याही हेच सांगतात: वायू बंद केल्यावर प्रतिसादाचा वेग, आकडेमोड, हाताचं कौशल्य काही मिनिटांत, फार तर पाव-अर्ध्या तासात पूर्ववत होतं. मिडॅझोलॅमसारख्या गुंगीच्या औषधांच्या तुलनेत नायट्रसचा हाच मोठा गुण आहे आणि तो मला पूर्ण मान्य आहे.

पण हा हिशेब वायूचा झाला, आणि खुर्चीतून उठतो तो माणूस. त्याच्या अंगात त्या क्षणी वायूखेरीज बरंच काही असतं. तो पाऊण तास पाठीवर रेललेला असतो. एकदम उठला की रक्तदाब क्षणभर घसरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. लोकल इंजेक्शनमधल्या अॅड्रेनॅलिनने छातीत धडधड झालेली असते. धास्तीने सकाळपासून पोटात काही गेलेलं नसतं. सर्दीसाठी घेतलेली झोपाळू गोळी कुणी सांगायला विसरलेलं असतं. कुणाचं नाक अर्धं बंद असतं, कुणाची छाती जुन्या दम्याने किंवा बिडी-सिगारेटने कमजोर झालेली असते, आणि अशा फुप्फुसांतून वायू पुस्तकात लिहिलेल्या वेगाने बाहेर पडत नाही. शिवाय हा वायू रक्तात कमी विरघळत असला, तरी नायट्रोजनच्या सुमारे ३४ पट विरघळतो. म्हणून पुरवठा थांबताच तो रक्तातून फुप्फुसांत झपाट्याने उतरतो आणि तिथला ऑक्सिजन पातळ करतो. फिंक यांनी १९५५ मध्ये याचं वर्णन केलं. शेवटी चार-पाच मिनिटं शंभर टक्के ऑक्सिजन देण्याचा नियम त्यासाठीच आहे. गुंगीच्या कमी प्रमाणात निरोगी माणसाला हा धोका क्वचितच जाणवतो, पण पुढचा पेशंट बाहेर ताटकळत असताना पाचाची दोन मिनिटं होतात हेही या कामातलं वास्तव आहे. यातल्या एकाही गोष्टीची दखल विद्राव्यतेचा आकडा घेत नाही. कागद-पेन्सिलीची चाचणी घेते, कारण त्रास कशामुळे आहे याच्याशी तिला कर्तव्य नसतं. हा माणूस या क्षणी स्वतःला सांभाळू शकतो का, एवढंच ती बघते.

ही चाचणी म्हणजे नेमकं काय? सगळ्यात सुटसुटीत आहे ती ठिपके जोडण्याची. १९६९ मध्ये ट्रिगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भुलीतून सावरणं मोजण्यासाठी ती मांडली, आणि ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. कागदावर ठिपक्यांची एक आकृती छापलेली असते; पेशंटने पेन्सिलीने ठिपक्यामागून ठिपका जोडत जायचं. किती ठिपके सुटले आणि रेघ ठिपक्यापासून किती मिलिमीटर भरकटली, एवढंच मोजायचं. सरावलेल्या नजरेला मोजण्याआधीच बरंच दिसतं. सावरलेल्या माणसाची रेघ ठिपक्याशी येऊन क्षणभर थांबते आणि मग वळते. न सावरलेल्याची रेघ कोपऱ्यावर न थांबता गोल वळसा घेत पुढे जाते, मधला एखादा ठिपका गाळते, आणि तो गळल्याचं त्याच्या लक्षातही येत नाही. दुसरी चाचणी आकडे आणि खुणांची: वर १ ते ९ आकड्यांखाली एकेक खूण दिलेली असते, आणि ठरलेल्या वेळात, बहुधा ९० सेकंदांत, रिकाम्या चौकटी भरायच्या असतात. इथे नजर, स्मरण आणि हात तिन्ही एकदम लागतात. लिहिता न येणाऱ्यांसाठी आणि लहान मुलांसाठी जमिनीवरची सरळ फरशीची रेघ पुरते: टाचेला चवडा लावत सहा-सात पावलं, मग पाय जुळवून, डोळे मिटून उभं राहणं. चार-पाच वर्षांच्या मुलाला आपले सँडल स्वतः घालू द्यावेत. उजवा-डावा ओळखणं, वाकूनही तोल राखणं, पट्टा नेमका ओढून चिकटवणं हे सगळं त्यात येतं. आई घाईने वाकून सँडल घालायला गेली, तर तिला हळूच थांबवावं.

दुसरा आक्षेप चाचण्यांवरचाच आहे. त्या कितपत विश्वासार्ह? माणूस तीच आकृती दुसऱ्यांदा जोडतो तेव्हा सरावाने ती जास्त चांगली जोडतो. कुणाचा हात मुळातच थरथरता असतो. चष्मा घरी राहिला तर ठिपकेच दिसत नाहीत. हा संशय निराधार नाही, आणि त्याचं मोठं उदाहरण याच वायूच्या संशोधनात आहे. १९७४ मध्ये ब्रूस, बाख आणि आर्बिट यांनी असा निष्कर्ष मांडला की ऑपरेशन थिएटरच्या हवेत मिसळलेल्या भुलीच्या वायूंच्या अत्यल्प अंशानेही लक्ष आणि हाताचं कौशल्य घटतं. १९७७ मध्ये अमेरिकेच्या आरोग्यविषयक संस्थेने नायट्रससाठी दशलक्षात २५ भाग ही मर्यादा सुचवली, तिच्यामागे या कामाचा मोठा आधार होता. पुढे इतरांनी तसेच प्रयोग करून पाहिले तेव्हा तो परिणाम आढळला नाही. म्हणजे असल्या चाचण्या चाचणीच्या पद्धतीलाही हळव्या असतात. यातून मी घेतलेला धडा असा, की पेशंटची तुलना छापील तक्त्याशी करू नये, त्याच्याच मघाच्या कागदाशी करावी. मास्क लावण्याआधी एक कागद, उतरवल्यावर दुसरा. थरथरता हात, कमी दिसणं, कमी शिक्षण हे दोन्ही कागदांवर सारखंच उतरतं, त्यामुळे फरक उरतो तो फक्त मधल्या तासाचा. आणि सराव दुसऱ्या कागदाच्या बाजूने असतो. म्हणून दुसरा कागद पहिल्यापेक्षा वाईट आला, तर तो इशारा दुप्पट गांभीर्याने घ्यावा.

आधीच्या कागदाचा आणखी एक फायदा आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे. नायट्रस शरीरातल्या ब १२ जीवनसत्त्वाला निकामी करतो, आणि मज्जातंतूंवरचं आवरण टिकवायला ते जीवनसत्त्व लागतं. ज्याच्या शरीरात त्याचा साठा पुरेसा आहे, त्याला दातांच्या कामापुरत्या एका वेळच्या गुंगीने सहसा काही होत नाही. पण भारतात, त्यातही शाकाहारी घरांत, ही कमतरता भरपूर आढळते, आणि ती असलेल्या माणसाला हा वायू दिल्यावर काही दिवसांनी, कधी आठवड्यांनी, पायांत मुंग्या, बधिरपणा, चालताना तोल जाणं असे त्रास झाल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. संध्याकाळपर्यंत सगळं आलबेल होतं हे त्या बाबतीत उत्तर नव्हे. गुंगीआधीच डोळे मिटून उभं करताना जो झुलतो, तळपायांना मुंग्या येतात असं सांगतो, त्याचं रक्त आधी तपासावं आणि गुंगी पुढे ढकलावी. गुंगीनंतरची तपासणी नीट व्हावी म्हणून आधी केलेली तपासणी अशी दुहेरी उपयोगी पडते.

तिसरा आक्षेप असा, की सावरणं मोजायला गुणपत्रिका आहेतच, नवीन कशाला? भुलीनंतर वापरली जाणारी आल्ड्रेटे यांची १९७० सालची पद्धत जगभर चालते: हालचाल, श्वास, रक्ताभिसरण, शुद्ध आणि त्वचेचा रंग यांना प्रत्येकी ० ते २ गुण, एकूण १०. रंगाची जागा आता रक्तातल्या ऑक्सिजनच्या मापाने घेतली आहे. ही पद्धत उत्तम आहे, पण ती पूर्ण भुलीतून बाहेर येणाऱ्या पेशंटला देखरेखीच्या खोलीतून वॉर्डात हलवण्यासाठी घडवली गेली. तिथे पलंग असतो, नर्स असते. नायट्रसची गुंगी चालू असलेल्या माणसाला याच कसोटीवर तपासा: तो हातपाय हलवतो, श्वास नीट घेतो, रक्तदाब जागेवर असतो, हाक मारली की उत्तर देतो, ऑक्सिजन भरपूर असतो. मास्क नाकावर असतानाच त्याला दहापैकी नऊ-दहा गुण मिळू शकतात. ज्या कसोटीवर गुंगीतला माणूसही उत्तीर्ण होतो, तिच्या आधारे त्याला रस्त्यावर सोडणं योग्य ठरत नाही.

चौथा आक्षेप उलट्या टोकाचा आहे. एवढी काळजी असेल तर सरळ सगळ्यांनाच सांगावं, चोवीस तास गाडी चालवू नका, कुणालातरी सोबत आणा. ऐकायला हे सुरक्षित वाटतं, पण मला ते चुकीचं आणि काहीसं अन्यायाचंही वाटतं. चोवीस तासांचा नियम मिडॅझोलॅमसारख्या औषधांसाठी आहे आणि तिथे तो हवाच. नायट्रसला तो सरसकट लावला, तर या वायूचा मुख्य गुणच आपण पेशंटपासून हिरावून घेतो. ब्रिटनमध्ये निम्मा नायट्रस आणि निम्मा ऑक्सिजन असं मिश्रण प्रसूतीत आणि तातडीच्या उपचारांत वापरतात. एकटं तेच दिलं असेल तर गाडी चालवण्याआधी तीन अटी सांगितलेल्या असतात: किमान अर्धा तास उलटलेला हवा, पेशंटची मानसिक स्थिती पूर्ववत झाल्याचं उपचार करणाऱ्याने पाहिलेलं हवं, आणि पेशंटला स्वतःलाही तसं वाटायला हवं. या अटींत घड्याळ आणि पेशंटचं मत दोन्ही आहेत, पण त्यांच्या जोडीला कुणीतरी पाहून ठरवणं बंधनकारक आहे, हे मला मोलाचं वाटतं. पुण्यासारख्या शहरात पेशंट दुचाकीवर येतो. दुचाकीला तोल लागतो, खड्डा दिसताच ब्रेक लागतो, आरशात आणि समोर एकदम लक्ष लागतं. चारचाकीपेक्षा तिथे चुकीला कमी माफी आहे. म्हणून दुचाकीवाल्याला अर्ध्या तासाआधी आणि चाचणीआधी किल्ली हातात घेऊ देऊ नये असं माझं ठाम मत आहे. पण रोजंदारीवरच्या माणसाचा दुसरा दिवसही बुडवायला लावणारा नियम तो पाळणार नाही, आणि न पाळला जाणारा नियम कुणाचंच रक्षण करत नाही. जो सावरला आहे त्याला पुराव्यानिशी मोकळं करणं आणि जो नाही त्याला पुराव्यानिशी थांबवणं, हे दोन्ही चाचणीमुळेच साधतं. मुलांच्या बाबतीत मात्र तडजोड नाही. चाचणी कितीही चांगली आली, तरी मूल मोठ्या माणसाबरोबरच जाईल.

हातापायांइतकीच महत्त्वाची आहे ती स्मरणाची बाजू. मास्क नाकावर असताना किंवा नुकताच उतरला असताना सांगितलेलं पेशंट मान डोलावत ऐकतो आणि बरंचसं विसरतो, कारण त्या वेळी नवी आठवण नीट रुजतच नाही. कापसाचा बोळा कधी काढायचा, गोळी जेवणाआधी की नंतर, ओठ बधिर आहे तोवर मुलाला चावू कसं द्यायचं नाही, या सूचना त्याच क्षणी देण्याचा मोह होतो, कारण डॉक्टर तेव्हाच मोकळे असतात. दोन-तीन तास बधिर राहिलेला ओठ चावून चावून सुजवून घेतलेलं मूल दुसऱ्या दिवशी येतं, तेव्हा पालकांच्या निष्काळजीपणाला दोष देण्याआधी सूचना कधी आणि कुणाला दिल्या हे पाहावं. त्या चाचणीनंतर द्याव्यात, सोबतच्या माणसाला द्याव्यात, मराठीत लिहून द्याव्यात आणि पेशंटकडून एकदा परत वदवून घ्याव्यात. त्याने त्या स्वतःच्या शब्दांत सांगितल्या, तर ती लक्षाची आणि स्मरणाची आणखी एक चाचणीच झाली.

राहता राहिला वेळेचा आक्षेप, आणि दवाखाना चालवणाऱ्याला तोच सगळ्यात खरा वाटतो. दिवसाला वीस पेशंट असतील तर ही दोन-दोन मिनिटं आणायची कुठून? आधीचा कागद पेशंट बाकावर बसलेला असतानाच भरून होतो. नंतरचा कागद पाच मिनिटांचा ऑक्सिजन संपवून, खुर्ची सरळ करून, त्याला बसतं केल्यावर भरायचा, आणि तेवढ्यात डॉक्टर केसपेपर लिहीत असतात. प्रशिक्षित मदतनीस तो सहज घेऊ शकते, निर्णय डॉक्टरांचा. दोन्ही कागद केसपेपरला टाचून ठेवले की पेशंट कोणत्या स्थितीत गेला याचा लेखी पुरावा राहतो, आणि 'ठीक वाटलं म्हणून सोडलं' या वाक्यापेक्षा तो कितीतरी भक्कम असतो. शंभरातल्या बहुतेकांच्या बाबतीत दुसरा कागद पहिल्यासारखाच येईल, हे मी आधीच मान्य करतो. चाचणीचं काम त्या बहुतेकांना शोधणं नाही. बोलण्यावरून अगदी ठीक वाटणारा, घड्याळाप्रमाणेही मोकळा झालेला, तरीही ठिपका गाळणारा जो एखादा असतो, त्याला आणखी पाव तास बसवून ठेवणं हे तिचं काम आहे. हा वायू माणसाची भीती घालवतो, आणि सावधपणाही काही काळ त्या भीतीबरोबरच जातो. तो सावधपणा परत येईपर्यंत पेशंटच्या वतीने सावध राहणं हा गुंगी देण्याचाच उरलेला भाग आहे. मास्क उतरवला म्हणून तो संपत नाही.